सतरा माहेरवाशिणी

"जगात नकोसं कुत्रं नावाची चीजच नसते!" उजवा हात छताकडे नेत चैतरामजींनी जाहीर केलं. "असतात ती फक्त त्याले अजून न भेटलेली माणसं!"

वाक्य मोठं होतं. पहाटे आंघोळीला बसले असताना ते सुचलं होतं, आणि दुपारी चारला सरपंचबाई मोजणीला आल्या की त्यांच्यासमोर टाकायचं, असा बेत होता. सकाळच्या न्याहारीला नुसती तालीम होती. परिणाम पाहावा म्हणून त्यांनी घरच्यांच्या तोंडाकडे पाहिलं. धाकटे बंधू प्रेमलाल मोबाईलमध्ये होते. सून मंजुषा कुत्र्यांच्या भातात हळद ढवळत होती. पत्नी मैनाबाई आणि थोरली बहीण जिजाबाई एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या, म्हणजे आपापल्या नेहमीच्या जागी. चैतरामजींनी हात खाली आणला आणि वडा घ्यायला ताटात घातला. ताट रिकामं होतं. शेजारी तहसीलदार मिशा चाटत होता.

"भेटला वाटते माणूस," प्रेमलाल मान वर न करता म्हणाले.

तहसीलदार हा 'मोकळं अंगण' या चैतरामजींच्या कुत्र्यांच्या आश्रमातला सर्वांत ज्येष्ठ रहिवासी. डोळ्यांनी दिसत नाही, जागचा हलत नाही आणि समोर आलेलं सोडत नाही, एवढ्या तीन गुणांवर त्याला हे पद मिळालं होतं.

काल पोळा झाला होता, आज नारबोद. पहाटेच गावच्या पोरांनी नारबोदेचं बुजगावणं ओढत नेऊन शिवेबाहेर जाळलं होतं. "मच्छर घेऊन जा री नारबोद, खोकला घेऊन जा री नारबोद" असं ओरडत जाताना चैतरामजींच्या फाटकाशी खास थांबून त्यांनी "गोचिड घेऊन जा री नारबोद" हेही सुनावलं होतं. चैतरामजींना राग आला नाही. गोचिडांच्या बाबतीत गावाचं आणि त्यांचं एकमत होतं.

मतभेद होता तो भुंकण्याचा. राजेगाव रस्त्यावरच्या या दोन एकरांत मागच्या उन्हाळ्यात अडुसष्ट कुत्रे झाले होते. त्याच उन्हाळ्यात गावातली सात पोरं दहावीत नापास झाली आणि सातही जणांनी घरी कारण एकच सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी नऊ नापास झाली तेव्हा कुत्रे निम्मेच होते, हा मुद्दा चैतरामजींनी पंचायतीत मांडून पाहिला. पण नापास पोरांचे बाप सदस्य होते आणि कुत्र्यांपैकी कोणी निवडून आलेलं नव्हतं. ठराव झाला: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सरपंच स्वतः मोजणी करतील, तीसच्या वर एक जरी निघाला, तर ना हरकत रद्द आणि फाटकाला कुलूप.

काल सांजच्याला मोजले, तेव्हा कुत्रे भरले चोवीस.

हा पराक्रम जिजाबाईंचा होता. बाईंनी उभ्या आयुष्यात मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र अशा दोन राज्यांत मिळून छप्पन्न लग्नं जुळवली होती. नवरा गेल्यावर त्या भावाकडे आल्या, तोवर माणसांची लग्नं मोबाईलवर जुळायला लागली होती, आणि बाईंची विद्या नुसती बसून होती. ती त्यांनी कुत्र्यांना लावली. कुत्रा घ्यायला कोणी आलं की त्याला आधी खुर्ची, पाणी, पोहे. मग चौकशी. घरात माणसं किती? दार कोण लावते? आधीचं कुत्रं कशानं गेलं? मग मंजुषानं कुत्र्याला हळूहळू चालवत आणायचं. "कानाले हा काप काहून?" असं कोणी विचारलं, तर नसबंदीची खूण आहे असं सरळ सांगायच्या ऐवजी बाई म्हणत, "आमच्याकडं कान टोचल्याबिगर लेक देत नाहीत." मग बाई स्वतः जाऊन घर पाहून येत. तीन घरं त्यांनी नापसंत केली होती, त्यातलं एक डॉक्टरचं होतं. हुंडा नाही, पण लेकीसोबत तिचं अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे जर्मनचं, ताट मात्र जायचं. अशी वर्षभरात पाठवणी होत होत मोकळं अंगण खरोखरच मोकळं झालं होतं.

"चोवीस," चैतरामजी समाधानानं म्हणाले. "सहा कुत्र्याईची जागा अजून शिल्लक हाय. कुलूप राह्यलं त्याईच्या कपाटात."

"राह्यलं तर राह्यलं," प्रेमलाल म्हणाले. त्यांचं बालाघाटात मंडप-खुर्च्यांचं दुकान होतं आणि या दोन एकरांत लग्नाचं लॉन किती झकास होईल, हे ते गेली सहा वर्षं दर सणाला येऊन सांगत. "दादा, मी कुत्र्याईच्या विरोधात नाही. मी फक्त लॉनच्या बाजूनं हावो."

मैनाबाईही लॉनच्या बाजूनं होत्या. उकव्याच्या खाणीतून निवृत्त होऊन चैतरामजी घरी आले त्या दिवसापासून होत्या. तिथल्या कॉलनीत क्वार्टर सोडून जाणारी माणसं पंखे काढून नेत, नळाच्या तोट्या नेत, तुळशीची कुंडी नेत. कुत्रा तेवढा पायरीवर ठेवून जात. चैतरामजींनी उलट केलं. पंखे ठेवले आणि पायऱ्यापायऱ्यांवरचे अकरा कुत्रे सामानाच्या ट्रकमधून आणले. मैनाबाई ओवाळायला ताट घेऊन दारात उभ्या होत्या. ट्रकचं फाळकं उघडल्यावर त्यांनी ते ताट तसंच आत नेलं. भांडणात ते अजून अधूनमधून बाहेर निघे.

"तहसीलदार," मैनाबाई आता म्हणाल्या, "कोणाले भजे वाढू का विचार."

घरात 'कोणाले' म्हणजे जिजाबाईंना. गेल्या दिवाळीत पाणी भरायच्या तांब्याच्या गुंडावरून झालेल्या प्रकरणानंतर नणंद-भावजय एकमेकींशी थेट बोलत नव्हत्या. सगळा व्यवहार तहसीलदारामार्फत चाले, आणि तो आपल्या पदाला शोभेल अशा रीतीनं कुठलाही निरोप पुढे पोचवत नसे.

"तहसीलदार, म्हणा मले नोको," जिजाबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला.

ऑटोतून बालाघाटचे राजेंद्र मास्तर उतरले. मास्तरांच्या मागून काळी उतरली. ही मार्च महिन्यात दिलेली. आता अंगाला तेल, गळ्यात लाल फीत, तोंडावर सासरचं तेज. मास्तरांच्या एका हातात जर्मनचं ताट आणि दुसऱ्या हातात करंज्यांचा डबा.

"या या मास्तर!" चैतरामजी अर्धवट उठले. "काय झालं? चावली का?"

"अजी चावते कायले? लक्ष्मी हाय आमची." मास्तरांनी डबा जिजाबाईंच्या हाती दिला. "बाई, तुम्ही सांगतल्याप्रमाणं आणून सोडली. परवा हरतालिका, तिची पहिली तीज हाय, माहेरी राहू द्या आरामात. घाई नाही."

एवढं बोलून, पाणी पिऊन, मास्तर त्याच ऑटोनं गेले. काळी अंगणात तीन फेऱ्या मारून आपल्या जुन्या जागी जाऊन पडली. चैतरामजींनी बहिणीकडे पाहिलं. बहीण करंज्या मोजण्यात गुंतली होती.

"बाई," ते म्हणाले, "मास्तर काय म्हणून राह्यले?"

"खरं तेच म्हणून राह्यले. तिजेले लेक माहेरी येते. छप्पन्न लगनं लावली म्या, एक पोरगी पहिल्या तिजेले सासरी नाही राह्यली. मंग कुत्र्याईनं काय पाप केलं?"

"तू हे काळीपुरतंच सांगतलं ना?"

जिजाबाईंनी करंजीचा डबा बंद केला. "पंक्तिभेद करू का?"

फाटकाशी दुसरा ऑटो थांबला.

बारा वाजेपर्यंत ते येतच राहिले. हट्ट्याहून भुरी आली, मोटरसायकलवर, दोघांच्या मध्ये बसून. उकव्याहून राणी बसनं आली. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं होतं आणि तिला पोचवायला आलेल्या पवननं ते जपून आणलं होतं. एक जण मोती घेऊन आला. मोतीला नवी झूल होती.

"बाई, मोती तर नर हाय," प्रेमलाल म्हणाले.

"दिल्या घरी गेला ना? मंग लेकच झाली."

एकूण सतरा. शेवटचा हिशेब मंजुषानं केला, कारण चैतरामजींना सतराच्या पुढे चोवीस मिळवण्याचं धाडस होत नव्हतं.

"एक्केचाळीस, मामाजी."

चैतरामजी पायरीवर बसले. बारा वर्षं त्यांनी या जागेत काढली होती. रोज पहाटे चारला उठून भाताचं पातेलं चढवलं होतं, गुडघ्याची वाटी सरकली होती तेव्हाही. कुलूप लागलं तर या चोवीस जणांना कोणतीही पायरी नव्हती. हे त्यांच्या मनात आलं तेव्हा ते पहाटेचं वाक्य आठवायला गेले आणि ते आठवेना.

"घाबरता कायले?" जिजाबाई म्हणाल्या. "चारच्या आत सासरचे येऊन घेऊन जातीन."

"मास्तर तर म्हणे घाई नाही!"

"तसं म्हणाच लागते. रीत हाय."

प्रेमलालनी मोबाईल काढला. त्यांना लॉन हवं होतं, पण दादा पायरीवर असे बसलेले त्यांना बघवेना. शिवाय फोनवर बोलणं हा त्यांचा धंदा होता. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवून त्यांनी पहिला फोन राजेंद्र मास्तरांना लावला.

"मास्तर, जरा काळीले घेऊन जाता का? आत्ताच?"

पलीकडून आधी काळीचं नाव. मग दुखावलेला आवाज. "काहून? काही बोलली का थे?"

"नाही नाही. तशीच."

"प्रेमलालजी, चार घंटे नाही झाले सोडून. आता लगेच घ्याले आलो तर मोहल्ल्यातले लोक काय म्हणतीन? एक दिवसही माहेरी नाही राहू देली, असे सासरचे. आन् तुमच्याकडून रीतसर बोलावणं कुठं आलं? शिदोरी तयार हाय, लेक घेऊन जा, असं माहेरच्याईनं सांगाव लागते. आमचा काही मान हाय का नाही?"

"मंग हेच बोलावणं समजा!"

"फोनवर?" मास्तरांनी फोन ठेवला.

दुसरा फोन पवनला. तो बसमध्ये होता. "चाचाजी, माँ ने साफ बोला है, तीज के पहले राणी को वापस लाया तो घर में मत आना. और वैसे भी हम लोग रामटेक जा रहे हैं, घर में ताला है."

तिसऱ्यानंही ताला सांगितला. चौथ्याकडे पाहुणे होते आणि पाहुण्यांना कुत्र्याची भीती वाटत होती. पाचव्या घरच्या बाईनं मात्र खरं सांगून टाकलं, "अजी, राहू द्या ना चार दिवस. गाद्या धुऊन टाकल्या हायेत."

"बाई," प्रेमलाल फोन खिशात टाकत म्हणाले, "तुझी रीत लोकाईले लय आवडली."

चैतरामजींना आता गोष्ट कळली. सासरची माणसं माहेरच्या बोलावण्याची वाट पाहणार आणि माहेरच्यांनी न मागता पाठवलं तर 'लेक जड झाली' म्हणून गाव बोलणार. माणसांच्या लेकी या दोन मानांच्या मध्ये महिना-महिना अडकून पडत. सतरा कुत्रे दुपारी चारच्या आत कुठून सुटणार होते?

"तहसीलदार," मैनाबाई भांडी आदळत म्हणाल्या, "मी पहिलेच म्हणलं होतं, या घरात शहाणपणा वरून येते आन् निस्तरा लागते आम्हाले."

"तहसीलदार, तिले म्हणा, निस्तरते कोण थे दिसते मले."

"आन् मी?" भाताचं उलथनं हातात धरून मंजुषा उभी राहिली. ती सहसा बोलत नसे. "आत्या, काळी ऑटोनं आली. राणीले बसचं तिकीट फाडलं. माझे भाऊ हट्ट्याहून दोन वर्सं येऊन परत गेले, 'कुत्र्याईले कोण पाह्यते' म्हणून मले पाठवलं नाही. मोती तिजेले माहेरी येते, आन् मी?"

जिजाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. छप्पन्न लग्नांतल्या एकाही सुनेनं त्यांना हे विचारलं नव्हतं.

"पोरगी बरोबर बोलते," त्या शेवटी म्हणाल्या. तहसीलदाराला नाही, सरळ मैनाबाईंना. "मैना, उद्या हिच्या भावाले फोन लाव. भात मी ढवळीन."

मैनाबाईंच्या हातातली परात तशीच राहिली. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं नाव नणंदेच्या तोंडून आलं होतं. चैतरामजींना ते दिसलं. पण मोठं संकट समोर असताना लहान सुखाकडे पाहायची त्यांना सवय नव्हती. ते घड्याळाकडे पाहत होते. अडीच.

"दादा," प्रेमलाल म्हणाले, "टेम्पो हाय."

"मंग?"

"नदीचा पूल दहा मिनिटांवर. पलीकडं महाराष्ट्र. सतराही जण घंटाभर तिकडं नेऊन बसवतो. आपली पंचायत तिकडं चालत नाही, तिकडच्याईले आपले कुत्रे मोजाचं काही कारण नाही. सरपंच गेल्या का वापस."

ही योजना चैतरामजींना बेकायदेशीर, अप्रामाणिक आणि उत्तम वाटली.

अडचण एकच निघाली. माहेरवाशिणी टेम्पोत चढेनात. वर्षभर सासरी राहून त्यांना सोफ्याची सवय लागली होती आणि टेम्पोत मंडपाचे बांबू होते. उलट तहसीलदार सोडून आश्रमातले तेवीस जण टेम्पोचं फाळकं उघडताच पोळ्याच्या मिरवणुकीला निघाल्यासारखे उड्या मारून आत बसले. त्यांना उतरवावं तर मोतीनं सासरची झूल काढून टाकलेली, त्यामुळे तो कोणत्या बाजूचा हेच कळेना. काळीला उचलून वर ठेवली की भुरी खाली. भुरीला धरलं की कोणीतरी तिसरंच. साडेतीनला टेम्पोत एकोणीस कुत्रे होते. त्यातले सासरचे किती आणि घरचे किती हे सांगता येईल असा माणूस त्या अंगणात उरला नव्हता. प्रेमलालच्या पांढऱ्या पँटवर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या.

"जाऊ दे," ते धापा टाकत म्हणाले. "एकोणीस तर एकोणीस. बावीस राहतीन मागं. चालू का गाडी?"

"चालव," चैतरामजी म्हणाले, आणि फाटक उघडलं.

फाटकात सरपंच ललिताबाई उभ्या होत्या. अर्धा तास आधी.

अडतिशीची बाई. काखेत रजिस्टर, पायात धुळीनं भरलेली चप्पल, डोळ्यांखाली काळं. त्यांनी टेम्पोकडे पाहिलं. टेम्पोनं त्यांच्याकडे पाहिलं, एकोणीस तोंडांनी.

"काकाजी, कुठं निघाले?"

चैतरामजींच्या डोक्यात तीन खोट्या गोष्टी एकदम आल्या: नसबंदी, फोटो आणि नदीवर आंघोळ. तिन्हींपैकी एक निवडेपर्यंत तोंडानं परस्पर खरं सांगितलं. "महाराष्ट्रात."

"काहून?"

"तुम्ही मोजसान म्हणून."

ललिताबाई हसल्या नाहीत. त्यांनी फाटक लावून घेतलं, टेम्पोचं फाळकं स्वतःच्या हातानं पाडलं आणि सगळे खाली उतरेपर्यंत थांबल्या. मग अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट दाखवत मोजलं. परत येताना पुन्हा मोजलं. चैतरामजी त्यांच्या मागे मागे चालत होते.

"एक्केचाळीस." ललिताबाईंनी रजिस्टर उघडलं. "काकाजी, मले वाईट वाटते. पण ठराव माझ्याच सहीचा हाय. काल तुम्हीच फोनवर चोवीस सांगतले होते."

"चोवीसच हायेत," जिजाबाई पुढे झाल्या. "बाकीच्या लेकी तिजेले आल्या."

"आत्याबाई, कुत्र्याईची तीज?" ललिताबाईंनी पेन काढलं. "हे मी पंचायतीत काय म्हणून सांगू?"

माणसांच्या घरात जाऊन शंभर सासवांना गप्प करणाऱ्या जिजाबाईंना पेनापुढे काही सुचेना. प्रेमलाल पँट झटकत होते. मंजुषा काळीच्या गळ्यातली फीत घट्ट धरून उभी होती. पेन कागदाला टेकलं.

"तहसीलदार," मागून मैनाबाईंचा आवाज आला, "सरपंचबाईले विचार, लगन झाल्यावर तिचं नाव बापाच्या रेशनकार्डात राह्यलं का?"

ललिताबाईंना कुत्र्यामार्फत प्रश्न येण्याची सवय नव्हती. त्यांनी आधी तहसीलदाराकडे पाहिलं आणि मग, गोंधळून, त्यालाच उत्तर दिलं. "नाही राह्यलं."

मैनाबाई पदराला हात पुसत पुढे आल्या.

"माझं लगन झालं वैशाखात. जेठात बापानं कार्डातून नाव कापून आणलं, सासरच्या कार्डात चढवा म्हणून. मंग पहिल्या तिजेले मी माहेरी गेली. त्याच आठवड्यात शाळेचे मास्तर आलते, घरोघरची माणसं मोजून लिवाले. बापानं भाऊ लिहिले, भावजया लिहिल्या, बैलजोडी लिहिली. मी समोर आंगण झाडून राह्यली होती. मास्तरनं विचारलं, हे कोण? बाप म्हणे, हे आमच्यातली नाही, हे पाहुणी हाय." त्या थांबल्या. "त्या दिवशी मले लय लागलं. झाडू तसाच टाकून मागं जाऊन बसली. पण कायदा म्हणजे कायदा. माहेरी आलेली लेक माहेरच्या माणसाईत मोजत नाहीत. मले नाही मोजली, तुम्हाले नाही मोजत, या मंजुषाले नाही मोजत. मंग काळीले काहून मोजता?"

चैतरामजी बायकोकडे पाहत राहिले. बेचाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनी ऐकलीच नव्हती. ती सांगितली गेली नव्हती की आपण त्या वेळी कुत्र्यांना भात घालत होतो, हे त्यांना आठवेना.

ललिताबाईंचं पेन कागदावर तसंच होतं. मग त्यांनी सावलीत पसरलेल्या माहेरवाशिणींकडे पाहिलं. पाय ताणून, पोट वर करून, कोणाचीही हाक कानावर न घेता त्या पडल्या होत्या. बराच वेळ पाहिलं.

"यांची नावं सासरी चढली हायेत?"

"ताटासकट," जिजाबाईंना वाचा फुटली. "कोणत्या घरी गेली, कधी गेली, सारं वहीत लिहेल हाय. मंजू, वही आण."

"आन् वापस नाही गेल्या तर?"

"महिन्याच्या वर लेक माहेरी राह्यली तर गाव विचारल्याबिगर राहते का, बाई? तुम्हाले मोजा लागणार नाही. गावच मोजीन."

ललिताबाईंनी वही पाहिली, सतरा नावांवर खूण केली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं. चैतरामजींनी उलट्या बाजूनं आकडा वाचला. चोवीस. त्याच्यापुढे बारीक अक्षरात: 'शिवाय पाहुण्या.'

"पण गणपती उठल्यावर मी पुन्हा येईन," त्या म्हणाल्या. "तवा एकही पाहुणी दिसली नाही पाह्यजे."

"मी स्वतः घरोघरी बोलावणं घेऊन जातो," चैतरामजी म्हणाले. "शिदोरीसकट!"

"टेम्पो माझा," प्रेमलाल म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं. "पण वहिनी, तुम्ही तर लॉनच्या बाजूनं होत्या ना?"

"होती," मैनाबाई म्हणाल्या. "पण लॉनमधी लगनच होते, भाऊजी. माहेर होत नाही."

जिजाबाई आत गेल्या, करंज्यांचा डबा घेऊन आल्या आणि पहिली करंजी भावजयीच्या हातावर ठेवली. मैनाबाईंनी ती मोडली, चव घेतली आणि सारण कमी आहे असं सांगितलं. थेट. जिजाबाईंनीही ते मान्य केलं, कारण करंज्या मास्तरांच्या घरच्या होत्या.

चैतरामजींना एकदम भरून आलं. अशा वेळी काहीतरी बोललं पाहिजे, असं त्यांना नेहमी वाटे आणि घरच्यांना नेहमी उलट वाटे. ते पायरीवर चढले. "ऐका! आजपासून हा नुसता कुत्र्याईचा आश्रम नाही. ज्याले कोणी पायरीवर टाकून गेलं, त्याले आपण पहिले घर देलं. आज माहेर देलं! घर तर कोणीही देते. माहेर देणारी संस्था साऱ्या मध्यप्रदेशात ही एक!" प्रेमलालनी टाळी वाजवली. मंजुषाही हसली. काही माहेरवाशिणींनी एक डोळा उघडला.

पाच वाजता सगळे चहाला आत गेले. चैतरामजी फाटक लावायला आले, तर ललिताबाई अजून तिथंच उभ्या होत्या. रजिस्टर छातीशी धरलेलं, पाय निघत नव्हता. चैतरामजींनी सदऱ्याची गुंडी लावली. भाषणाचा परिणाम झाला असणार. ग्रामसभेत बोलवणार, किंवा पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळची खुर्ची देणार. निदान नळाची लाईन तरी.

"काकाजी, एक काम होतं."

"बोला ना, सरपंचबाई! बिनधास्त बोला."

ललिताबाईंनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेतलं. आवाज खाली आणला.

"घरी चार नणंदा तिजेले आल्या हायेत. लेकराबाळांसकट अठरा जण. पहाटे चारपासून मी चुलीपाशी उभी हाय. इथून गेली का पुन्हा उभी." त्यांनी सावलीतल्या पाहुण्यांकडे पाहिलं. "मागं कुठं एखादी चटई असेल का हो? अर्धा घंटा पडते म्हणते. कोणाले सांगू नका."